पांबनचा जुना पूल कापायच्या आधी हे एकदा वाचा

प्रति,
रेल्वे मंत्रालय, नवी दिल्ली
आणि दक्षिण रेल्वे, चेन्नई इथले सगळे संबंधित साहेब लोक

स.न.वि.वि.

पहिलंच सांगून टाकतो, पांबनच्या नव्या रेल्वे पुलाबद्दल माझी काही तक्रार नाहीये. ६ एप्रिल २०२५ ला रामनवमीचा मुहूर्त धरून तो सुरू झाला, दोन किलोमीटरच्या वर लांबी, १८.३ मीटरचे ९९ गाळे आणि मधला एक ७२.५ मीटरचा गाळा जो मोटरवर उभाच्या उभा १७ मीटर वर जातो, झकास काम आहे. सुरू व्हायच्या आधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी त्यात काही त्रुटी काढल्या होत्या, पेपरात बरंच आलं होतं, पण तो आजचा विषय नाही. विषय आहे त्याच्या शेजारी उभा असलेला म्हातारा. २४ फेब्रुवारी १९१४ ला सुरू झालेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या बंद झालेला, रामेश्वरम बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा जुना पांबन पूल, जो आता उतरवायचं ठरलंय.

मागणी एका दमात सांगतो. अख्खा पूल ठेवा असं मी म्हणत नाही. पण मधला जो शेर्झर स्पॅन आहे, म्हणजे बोटींसाठी मधून दुभंगून उघडणारा गाळा, तो पूर्ण नाही तर निदान त्याच्या दोन पात्यांपैकी एक पातं, खालच्या वाकड्या गर्डरसकट, रुळपट्टीच्या दातांसकट, काउंटरवेट (तोल धरणारं मागचं वजन) आणि हातानं फिरवायच्या गिअरसकट किनाऱ्यावर आणा आणि परत हलेल असं उभं करा. नुसतं रंग मारून चौथऱ्यावर ठेवलेलं नको, हलणारं पाहिजे. बाकी सगळं पत्र हे का म्हणतोय त्याबद्दल आहे, आणि मराठीत लिहितोय कारण तुमच्या ऑफिसात मराठी वाचणारा कोणीतरी भेटेलच आणि दुसरं म्हणजे हे आपल्याकडच्या रामेश्वरला जाऊन आलेल्या आणि जाणार असलेल्या मंडळींनीपण वाचावं असं वाटतं.

आपल्याकडे काशी-रामेश्वर हा शब्द एका श्वासात म्हणतात. काशीचं गंगाजल रामेश्वरला वाहायचं आणि सेतूची वाळू घेऊन परत उत्तरेला जायचं, तेव्हा यात्रा पुरी. नाथांनी रामेश्वरला निघालेली कावड वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली ही गोष्ट माहीत नसलेलं मराठी घर नसेल. तर या यात्रेचा शेवटचा टप्पा, मंडपम ते पांबन हा समुद्राचा तुकडा, १९१४ च्या आधी होडीनं पार करायचा होता आणि १९८८ ला शेजारी रस्त्याचा पूल होईपर्यंत कोरड्या पायानं जायला फक्त हा रेल्वेचा पूल होता. म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या पिढीतलं जे जे कोणी रामेश्वरला जाऊन आलं ते याच लोखंडावरून गेलं. एवढा तरी आपला हक्क पोचतो.

पण पूल यात्रेकरूंसाठी बांधलाच नव्हता हो. बांधला सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, धंद्यासाठी. आधी मद्रासची बोट मेल, म्हणजे पुढच्या बोटीला जोडून देणारी गाडी, तुतिकोरिनला जायची आणि तिथून बोटीनं कोलंबो, लांबचा आणि उलट्या काढायला लावणारा प्रवास. साउथ इंडियन रेल्वेनं हिशोब केला की रूळ पार रामेश्वरम बेटाच्या टोकाला धनुष्कोडीपर्यंत नेले तर समोर सिलोनचं तलाईमन्नार जेमतेम ३५ किलोमीटर, तेवढंच स्टीमरनं जायचं आणि पलीकडे परत गाडीत बसायचं. मद्रास ते कोलंबो एका तिकिटावर. थेट सिलोनपर्यंत पूल न्यायचा विचारपण होता, खर्च बघून तो बारगळला. उरला हा दोन किलोमीटरचा पांबनचा पूल, भारतातला पहिला समुद्रावरचा पूल, आणि आपली वांद्रे-वरळी सी लिंक होईपर्यंत देशातला सगळ्यात लांब समुद्री पूलसुद्धा हाच. जवळपास शंभर वर्षं रेकॉर्ड मीटरगेजसाठी (एक मीटर अंतराच्या रुळांसाठी) बांधलेल्या एका सिंगल लाइनच्या पुलाच्या नावावर होतं हे आपल्या मुंबईकरांना सांगितलं की खरं वाटत नाही.

बांधायला १९११ मध्ये घेतला. समुद्र इथे उथळ आहे, त्यामुळे अजस्र कमानी वगैरे काही लागलं नाही, ४० फुटांचा एकेक गाळा, असे १४५ गाळे एका रेषेत मांडत गेले. दिसायला साधा, म्हणजे खरं तर रटाळच. अडचण होती ती मध्ये. पाल्कची खाडी आणि मन्नारचं आखात यांच्यामध्ये बोटींना जायची वाट याच पट्ट्यातून, ती बंद करून चालणार नव्हतं, आणि पूल उंच करावा तर दोन्ही बाजूंनी गाडीला मैलोगणिक चढ द्यावा लागला असता. म्हणून मधला गाळा उघडणारा केला. तो शिकागोच्या विल्यम शेर्झर या इंजिनिअरच्या पद्धतीचा. हा माणूस १८९३ मध्ये ऐन पस्तिशीत गेला, त्याचा पहिला पूल उभा राहिलेला त्याला बघायलाही मिळाला नाही, पुढे भावानं कंपनी चालवली आणि त्या डिझाइनचे पूल जगभर गेले.

आता याची खुबी सांगतो, कारण रील बनवणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना वाटतं की पूल बिजागरीवर उघडतो. नाही. बिजागरी नाहीच तिथे. प्रत्येक पात्याची मागची बाजू खाली गोल वाकवलेली आहे आणि ती गोलाई एका सपाट पट्टीवर टेकलेली आहे. पातं उघडायचं म्हणजे ते झुलत्या खुर्चीसारखं मागे झुलतं. म्हणजे एकाच वेळी वरही जातं आणि मागेही सरकतं, त्यामुळे बोटीच्या वाटेत त्याचं टोक लोंबकळत राहत नाही आणि कमी उघडूनसुद्धा जास्त वाट मोकळी मिळते. मागे घसरू नये म्हणून खालच्या पट्टीला दात आणि वरच्या गोलाईला त्यांच्या खाचा, एकात एक बसत जातात. आणि मागच्या टोकाला काउंटरवेट. पुढे जेवढा भार तेवढाच मागे तोलून धरलेला, त्यामुळे इंजिनाची ताकद लागते ती वजन उचलायला नाही, फक्त घर्षण आणि वारा यांच्याशी झटायला.

फक्त इथे इंजिन नव्हतंच. माणसं होती.

हे मी रस्त्याच्या पुलावरून स्वतः पाहिलंय आणि ते माझ्या डोक्यातून जात नाही. चारशे टनांच्या वरचं एकेक पातं आणि ते उघडायला दोन्ही टोकांना काही मोजके लोक, कॅपस्टनला (उभ्या फिरत्या रहाटाला) लांब दांडे खोचलेले आणि छातीनं रेटत गोल गोल चालतायत, बैल घाण्याला नाही का, पण तालात, एकमेकांच्या पावलावर पाऊल. पहिली बरीच मिनिटं काही होतच नाही असं वाटतं. मग मधल्या सांध्यात उजेडाची एक चीर दिसते. ती रुंदावत जाते, रूळ आकाशाकडे वळायला लागतात, आणि शेजारी उभा असलेला शेंगदाणेवाला पण विकायचं थांबवून बघत बसतो, ज्यानं हे आधी कितीदा पाहिलं असेल देव जाणे. खाली कोळ्यांच्या बोटी रांग लावून. वीज नाही, हायड्रॉलिक नाही, सॉफ्टवेअर तर सोडाच. शंभर वर्षं. लोड शेडिंगचा प्रश्नच नाही, तेल-ग्रीस आणि माणसं असली की झालं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना तोल म्हणजे काय, मोमेंट म्हणजे काय हे चार लेक्चरमध्ये कळत नाही ते इथे अर्ध्या तासात कळतं, आणि म्हणूनच मी हलणारं पाहिजे म्हणून भांडतोय.

या स्पॅनची एक गोची पण होती, ती लपवत नाही. रेल्वेसाठी असा दोन पात्यांचा पूल सहसा कोणी करत नाही. रस्त्याला चालतो, पण गाडीचं वजन मधल्या सांध्यावर आलं की दोन्ही टोकं वाकतात आणि तो सांधाच कमजोर जागा होऊन बसतो. म्हणून गाडी इथून माणूस धावेल त्या वेगानं, ताशी १०-१५ किलोमीटरनं जायची. आपल्याला दारात उभं राहून मजा यायची, कठडा नाही, खाली बघितलं तर स्लीपरच्या फटींतून हिरवं पाणी, बायका पदरातली नाणी काढून समुद्रात टाकतायत, कोणीतरी जय श्रीराम करतंय, आणि ड्रायव्हरला मात्र घाम. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल आणि गाडी जागच्या जागी थांबणार.

मग ब्रॉडगेजची, म्हणजे जास्त रुंद रुळांची, वेळ आली तेव्हा मोठाच पेच. मानामदुराई-रामेश्वरम लाइन बदलताना हा पूल जास्त वजनाच्या गाड्या पेलेल का असा प्रश्न होता, आणि पात्याच्या वजनात जरा काही बदल केला की मागच्या काउंटरवेटचा सगळा हिशोब परत मांडावा लागतो. आयआयटी मद्रासच्या लोकांनी अभ्यास केला, मजबुतीकरण झालं आणि ऑगस्ट २००७ मध्ये ब्रॉडगेज गाडी याच पुलावरून गेली. मीटरगेजसाठी बांधलेल्या पुलावरून, त्र्याण्णव वर्षांनी! हे काम ज्यांनी केलं त्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत का, मला तरी दिसली नाहीत.

आता १९६४. यावर थोडं सविस्तर लिहितो कारण यातही गैरसमज फार. २२ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळ आलं, धनुष्कोडीवर समुद्र चढला, आणि ६५३ नंबरची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर सगळ्या प्रवाशांसकट गेली. शंभराहून जास्त माणसं, विनातिकीट किती होती ते वेगळंच. पुष्कळ लोकांना वाटतं गाडी पुलावरून पडली. नाही, ती बेटाच्या पार पुढच्या टोकाला, धनुष्कोडीच्या जवळ पोचली होती आणि लाटेनं तिला तिथेच गाठलं. धनुष्कोडी त्यानंतर परत वसलं नाही, रूळही परत टाकले नाहीत, आणि बोट मेलची ती मूळची कल्पना एका रात्रीत संपली. पुलाचे १२६ गाळ्यांचे गर्डर समुद्रात गेले. खांब बरेचसे उभे राहिले, आणि शेर्झर स्पॅन जागेवरून हलला नाही. परत सांगतो, सगळ्यात गुंतागुंतीचा, हलणारा म्हणून कमकुवत वाटेल असा भाग, तोच टिकला.

रामेश्वरमचा मुख्य भूमीशी रेल्वेचा संपर्क तुटला. रेल्वेनं दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरच्या साहेबांनी ते तीनवर आणले आणि काम दिलं एका बत्तीस वर्षांच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरला, ई. श्रीधरन यांना. नवे गर्डर बनवून किंवा लांबून आणून बसवायचे तर मुदत तिथेच संपली असती. मग कोळ्यांकडून कळलं की गर्डर काही लांब गेलेले नाहीत, समुद्राच्या तळाशी पडलेत, दिसतायत. ते शोधायचे, उचलायचे, तपासायचे आणि त्याच खांबांवर परत चढवायचे असं ठरलं. उचलायची यंत्रणा तिथल्या तिथे उभी केली, पहिले काही दिवस अडखळत, मग हात बसला तसा रोजचा आकडा वाढत गेला, आणि ४६ दिवसांत पूल चालू. बक्षीस मिळालं १००० रुपये. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेचे प्रमुख झाले, तेव्हा रोह्याच्या पुढे ज्याला ज्याला गाडी मिळाली त्या प्रत्येक कोकणी माणसाचं पांबनशी असं एक नातं आहे, गणपतीला गावी जाताना हे कोणाला आठवत नाही हा भाग वेगळा.

आणि जाता जाता, दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरम स्टेशनवर गाडी थांबायची बंद झाली तेव्हा पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतून फेकायचे आणि ते गोळा करून वाटायला मदत करणारा एक पोरगा होता, अब्दुल कलाम, पुढे तो राष्ट्रपती झाला. ती गाडीपण याच पुलावरून यायची.

बरं, पूल का थकला? खारं वारं. पांबनची हवा लोखंडाला खाणाऱ्या जगातल्या सगळ्यात वाईट हवांमध्ये धरतात, फ्लोरिडातल्या मायामीच्या खालोखाल असं सगळेच सांगतात. इथे रंगकाम कधी संपायचंच नाही, एका टोकाला पोचेपर्यंत दुसरं टोक गंजलेलं. त्यात जानेवारी २०१३ मध्ये नौदलाचं एक बार्ज भरकटत येऊन पुलावर आदळलं, डिसेंबर २०१८ मध्ये शेर्झर स्पॅनच्याच दुखण्यानं गाड्या काही महिने बंद, आणि शेवटी डिसेंबर २०२२. निवृत्तीचा निर्णय बरोबरच होता. भरसमुद्रात दोन किलोमीटरचा गंजका सांगाडा तसाच सोडणं हे ना बोटींच्या हिताचं ना नव्या पुलाच्या, हे मला कळतं. राजमहेंद्रीचा गोदावरीवरचा हॅवलॉक पूल १९९७ ला रिटायर होऊन अजून उभा आहे, भरूचचा नर्मदेवरचा १८८१ चा गोल्डन ब्रिजपण, पण त्या नद्या आहेत. इथे तसं जमणार नाही. म्हणूनच मी सगळं मागत नाहीये.

मला भीती आहे ती आपल्या नेहमीच्या पद्धतीची. कुठल्याही स्टेशनबाहेर बघा, चौथऱ्यावर एक वाफेचं इंजिन उभं असतं, पितळी सामान गायब, चाकं सिमेंटात चिणलेली, दर पंधरा ऑगस्टच्या आधी वरून अजून एक थर काळ्या रंगाचा, आणि पाटीवर इंजिनाचा नंबर पण चुकीचा. त्याला हेरिटेज म्हणायचं. पांबनचं असं झालं तर गर्डरचा एक तुकडा कापून आणतील, 'आय लव्ह पांबन' ची चमकणारी अक्षरं शेजारी लावतील आणि उद्घाटन होईल. शेर्झरच्या बाबतीत तुकड्याला काडीची किंमत नाही साहेब. गोलाई, दात, काउंटरवेट आणि हातगिअर हे चारही एकत्र असले तरच ते यंत्र आहे, नाहीतर ते भंगारच, किलोवर विकलेलं बरं.

म्हणून टेंडरमध्येच लिहा. गॅस कटर लावायच्या आधी निदान एका पात्याच्या प्रत्येक भागावर नंबर टाका, फोटो काढा, लेझर स्कॅन करा, आणि रिव्हेट तोडायचे ते जोडाच्या जागीच, मध्येच कुठेतरी नाही. काउंटरवेट आधी की पातं आधी हा क्रम चुकला तर सगळं तोल जाऊन खाली येईल, त्यामुळे हे काम साध्या भंगारवाल्या ठेकेदाराचं नाहीच. जागा मंडपम किंवा पांबनच्या बाजूला रेल्वेची आहेच. गंजून गेलेले भाग नवीन करा, कोणी ओरडणार नाही, पण कुठले नवे कुठले जुने ते वेगळ्या रंगानं दाखवा. लोकांच्या अंगावर चारशे टन नाचवायची गरज नाही, पातं दोन-चार अंश झुललं तरी पुरे, दात खाचेत बसताना दिसले पाहिजेत एवढंच. आणि रेकॉर्डवरून १९६४ नंतर समुद्रातून काढून परत बसवलेला एखादा मूळ गर्डर अजून ओळखता येत असेल तर तो शेजारी ठेवा, रंग खरवडून.

लोखंडाइतकेच कागद महत्त्वाचे आहेत. मूळ ड्रॉइंग्ज, १९६५ च्या दुरुस्तीच्या रोजच्या नोंदी, स्पॅन कधी कोणत्या बोटीसाठी उघडला त्याच्या वह्या, हे सगळं मदुराई डिव्हिजनच्या कुठल्या कपाटात असेल तिथून काढून स्कॅन करून लोकांना खुलं करा. आणि कॅपस्टनला दांडे लावून फिरणारी जी माणसं आहेत, त्यातले कितीतरी रिटायर झाले असतील, त्यांना बोलतं करून व्हिडिओ काढून ठेवा. कुठल्या आवाजावरून त्यांना कळायचं की ग्रीस कमी पडलंय, वारा कुठून असला की कुठलं पातं जड जायचं, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. पुढे ते यंत्र हलवायचं असेल तर शिकवायला हीच माणसं लागतील, त्यांना मानधन द्या आणि बोलवा.

पैशाचं म्हणाल तर नव्या पुलाला पाचशे कोटींच्या वर गेले आहेत, त्यापुढे हा खर्च फार नाही, आणि रामेश्वरला येणाऱ्या गर्दीकडून दहा-वीस रुपये तिकीट घेतलंत तरी देखभाल निघेल, आम्ही मराठी लोक तर गाइडला घासाघीस करूनसुद्धा बघायला नक्की येऊ.

काम सध्या कुठपर्यंत आलंय आणि शेर्झर स्पॅनचं नेमकं काय करणार आहात, एवढं तरी वेबसाइटवर टाका. माहिती अधिकाराचा अर्ज टाकायची वेळ आणू नका, टाकेन तसाही.

कळावे,
आपला,
पुण्यातला एक रेल्वेवेडा